शिशाच्या पडद्यामागचे अण्णा

नोकरी मागायला आलेल्या मुलीला पहिल्याच भेटीत "चप्पल काढ आणि त्या टेबलावर झोप" असं सांगणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही. सत्तरचं दशक नुकतंच उजाडलं होतं. सोलापुरातल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात एक्स-रे विभागाला शिकाऊ माणूस हवा होता. बार्शीहून सकाळची एसटी धरून मी आले होते. हातात दाखल्यांची पिशवी, अंगावर ताईची उसनी साडी. समोर बुटका, रुंद खांद्यांचा, कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कोटातला गृहस्थ उभा होता. कपाळावर कुंकवाची बारीक रेघ आणि आवाज असा की वॉर्डातल्या झोपलेल्या पेशंटनेही उठून बसावं. पिशवीकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही.

मी घाबरत टेबलावर आडवी झाले. "हलायचं न्हाई," असं म्हणून ते निघून गेले. खोलीच्या कोपऱ्यात शिशाचा पत्रा ठोकलेला, पुरुषभर उंचीचा लाकडी पडदा होता. त्यात एक छोटी काच. एक्स-रे काढणाऱ्याच्या अंगावर किरण येऊ नयेत म्हणून बटण दाबताना त्याच्यामागे जायचं असतं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. पडद्यामागून आवाज आला, "श्वास घ्या. रोखा." मी रोखला. मशीन बंद होतं, हेही मला ठाऊक नव्हतं. "सोडा" ऐकू येईपर्यंत मी तो केव्हाच चोरून सोडला होता.

"काय वाटलं?" त्यांनी बाहेर येऊन विचारलं.

"टेबल गार लागलं."

"आनि?"

"तुमचा नुसता आवाज येत होता. तुम्ही दिसत नव्हता. भीती वाटली."

त्यांनी वळून पडद्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "त्याला इलाज न्हाई. यंत्रच तसं हाय. पण बोललीस ते बरं केलीस. मोठमोठे बाप्ये हितं झोपतेत आनि 'काय न्हाई वाटलं' म्हणून थापा मारतेत. सोमवारपासनं ये."

अशी माझी मुलाखत झाली. दाखले त्यांनी नंतरही कधी मागितले नाहीत.

त्यांचं नाव अंबादास, पण दवाखान्यात शिपायापासून डॉक्टरांपर्यंत सगळे त्यांना अण्णा म्हणत. घर पूर्व भागातलं, विणकरांचं. घरी तेलुगू, बाहेर सोलापुरी मराठी, आणि रागावले की दोन्हींची मिसळ. वडील आणि थोरले भाऊ मागावर बसायचे, अण्णाही लहानपणी बसले होते. मग दवाखान्यात झाडू मारायला लागले. झाडूवरून डार्करूममध्ये फिल्म धुण्यावर, तिथून असिस्टंट, मग परीक्षा देऊन टेक्निशियन आणि शेवटी विभागाचे प्रमुख. ही चढण त्यांनी कशी पार केली ते अख्ख्या सोलापूरला ठाऊक होतं, कारण तेच सगळ्यांना सांगत. पेशंट टेबलावर आडवा, पाय मोडलेला, आणि अण्णा त्याला सांगतायत, "हा कोट हाय की, ह्यो मला कुणी दिला न्हाई. मी मिळवलो." पेशंट बिचारा कण्हत कण्हत "व्हय, व्हय" म्हणायचा. विनयाचा आजार अण्णांना कधी झाला नाही.

पण नुसतं स्वतःच्या चढणीवर खूश राहणारे ते नव्हते. हाताखालच्या माणसाला वर ढकलायचं त्यांना वेडच होतं. मी कामाला लागले त्या आठवड्यात त्यांनी मला बोटावर पायऱ्या मोजून दाखवल्या. डार्करूम, मग असिस्टंट, मग टेक्निशियन.

"आणि त्याच्यापुढं?" मी विचारलं.

"त्याच्यापुढं मी बसलोय की! म्हणून तर सांगतो सुमनम्मा, काम शिकलीस की जागा रिकामी कर. हितं बसून माझ्या मरणाची वाट बघू नको. मी लई जगणार हाय."

आणि ते खरोखर माणसं घालवायचे. पोरगा तयार झाला, त्याच्या हातची फिल्म स्वच्छ यायला लागली की अण्णांना चैन पडत नसे. "शिकलास? मग हितं काय करतोस?" अशी भुणभुण सुरू. कुठे नवा दवाखाना निघतोय, कुठे मोठं मशीन आलंय, याच्या बातम्या काढून आणायचे आणि त्या पोराला अक्षरशः एसटीत बसवून द्यायचे. मलाही ते दर वर्षी म्हणायचे आणि मी दर वर्षी टाळायचे. दवाखान्याचे सेक्रेटरी यावर वैतागलेले असत. "अण्णा, तुम्ही माणसं घडवता आणि दुसऱ्यांना वाटता. आपल्याला राहतं काय?" अण्णा म्हणायचे, "मी राहतो की!"

माझ्या आधीचा कासीम तर थेट आखातात गेला. त्याची आई बुरखा सावरत विभागात आली आणि दारातूनच कडाडली, "क्या अण्णा, मेरे बच्चे कू कायकू भगाए तुम? मैं अब किसकू पकाके खिलाऊं?" अण्णांनी तिला स्टुलावर बसवलं, चहा मागवला आणि तिच्याच बोलीत म्हणाले, "खाला, हमारे कने रहता तो मेरे जैसा होता. मेरे जैसा एकच बस हय सोलापूर कू." म्हातारी रडता रडता हसली. पुढे कासीम सुट्टीवर आला तेव्हा आधी अण्णांच्या पाया पडायला आला. अण्णांनी त्याला टेबलावर झोपवून "तिकडचं टेबल गार लागतं का गरम?" हे आधी विचारून घेतलं.

शिकवायला मात्र महाकडक. फिल्म खराब झाली तर ओरडत नसत, पण बटण दाबताना पडद्याच्या आत पूर्ण पाऊल नसेल तर खैर नव्हती. "पाऊल आत! ही हाडं काय उसनी आनलीस?" कामाच्या ओघात एकदा माझं एक पाऊल बाहेर राहिलं, तर त्यांनी मला दिवसभर तेवढंच करायला लावलं. पेशंटला नीट ठेव, श्वास रोखायला सांग, मागे सर, पडद्याआड जा. परत. परत. संध्याकाळपर्यंत ते माझ्या पायात इतकं मुरलं की रात्री, मी राहायला होते त्या मामांकडे, भाकरी तव्यावर टाकल्यावरही मी एक पाऊल मागे सरकले. मामी म्हणाली, चटका बसला का गं?

माझं हे, तर अण्णांच्या पायाचं काय झालं असेल! कुणी "हलू नका" म्हटलं की त्यांचं पाऊल आपोआप मागे जायचं. त्यांच्या मुलीच्या लग्नात फोटोग्राफरने सगळ्यांना मांडवात उभं केलं आणि "आता कुणी हलायचं नाही" म्हटलं. क्षणात अण्णा मागे सरकून व्याह्यांच्या पाठीमागे गडप. त्या फोटोत त्यांचा एक खांदा आणि फेट्याचं टोक एवढंच आलं. त्यांच्या बायकोने, सुशीलाअक्कांनी, तो फोटो सगळ्या दवाखान्याला दाखवला. अण्णा स्वतःही पोट धरधरून हसत होते.

दशक संपत आलं तेव्हा आमच्या दवाखान्याला सोनोग्राफीचं मशीन मिळणार अशी बातमी आली. एका व्यापाऱ्याने आईच्या नावाने देणगी दिली होती. आवाजाच्या लहरींनी पोटातलं चित्र दिसतं, किरण नाहीत, धोका नाही, असं आमच्या रेडिओलॉजिस्ट डॉक्टरांनी समजावून सांगितलं. हे डॉक्टर आठवड्यातून ठरलेल्या दिवशी पुण्याहून यायचे. रोजचं मशीन टेक्निशियनने चालवायचं आणि चित्रं डॉक्टरांनी वाचायची, असं ठरलं. त्यासाठी एका माणसाला मुंबईला काही महिने शिकायला पाठवायचं होतं. परत आल्यावर तो नव्या विभागाचा प्रमुख होणार होता. म्हणजे अण्णांच्या बोटावरच्या पायऱ्यांना आणखी एक पायरी आली होती.

ती कुणाची, याची चर्चासुद्धा झाली नाही. सगळ्यांनी अण्णाच धरले होते, अण्णांनीही धरले होते. त्यांनी मुंबईसाठी दोन नवे कोट शिवून घेतले. खिशावर लाल दोऱ्याने नाव काढलं होतं, ते सुशीलाअक्कांनी. "मागावरचा माणूस आवाजानं पोट बघणार! माझा बाप असता तर त्याला आधी झोपवलो असतो टेबलावर," असं ते येईल त्याला सांगायचे. इतक्या वर्षांत मी त्यांना इतकं खुललेलं पाहिलं नव्हतं.

मशीन आलं. एक्स-रे शेजारच्या खोलीत हलला आणि जुन्या एक्स-रेच्या खोलीत हे बसलं. तो शिशाचा पडदा तिथेच कोपऱ्यात राहिला होता, हलवायला जड म्हणून. कपाटाएवढं यंत्र, त्याला सांध्यासांध्यात वळणारा लांब दांडा आणि दांड्याच्या टोकाला पेशंटच्या पोटावरून फिरवायची मूठ. पोटाला तेल लावायचं आणि ती मूठ हलक्या हाताने, न उचलता, सरकवत न्यायची. हात जसा फिरेल तसं यंत्राच्या छोट्या पडद्यावर चित्र उमटत जायचं. कंपनीचा इंजिनिअर दाखवायला आला होता. पहिली पेशंट कन्नड मुलखाला लागून असलेल्या मैंदर्गीची एक बाई होती, दिवस भरत आलेली. पोटात मूल आडवं आहे की काय, हे डॉक्टरांना बघायचं होतं. सेक्रेटरी, डॉक्टर, नर्सेस, सगळे भिंतीला टेकून उभे.

अण्णा नव्या कोटात पुढे झाले. तेल लावलं, मूठ पोटावर अगदी नीट ठेवली, घसा साफ केला आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "श्वास घ्या. रोखा." आणि मूठ सोडून, मागे सरून, थेट शिशाच्या पडद्याआड गेले.

मूठ घसरून बाईच्या कुशीला आली. ती डोळे विस्फारून म्हणाली, "यव्वा! मला अशी सोडून कुटं पळालाव ओ?"

सगळी खोली हसली. पडद्यामागून सगळ्यांत मोठं हसू अण्णांचंच आलं. "आलो की बाई, आलो," म्हणत ते बाहेर आले आणि पुन्हा मूठ धरली. इंजिनिअरने सांगितलं, "अण्णा, हात सुटला की चित्र गेलं. पेशंटपाशीच थांबायचं." अण्णांनी मान हलवली, मूठ फिरवायला लागले, चित्राची पहिली रेघ आली आणि पाऊल मागे गेलं. पुन्हा धरली, पुन्हा गेलं. शेवटी इंजिनिअरनेच चित्र काढलं. मुलाचं डोकं खालीच होतं, बाई निर्धास्त झाली.

पुढचे काही दिवस दुपारी काम संपलं की अण्णा मला घेऊन त्या खोलीत जायचे. एखादा वॉर्डबॉय टेबलावर, अण्णा मूठ धरून आणि मी त्यांच्या पाठीमागे उभी. "मी मागं आलो की ढकल," असा हुकूम. ते मागे यायचे, माझ्या पायाच्या बोटांवर पूर्ण वजनानिशी उभे राहायचे, मी "आई गं" म्हणायची. माझा अंगठा सुजला. एकदा ते थकून स्टुलावर बसले आणि म्हणाले, "आता तू धर."

मी धरली. वॉर्डबॉयच्या पोटावरून हळूहळू मूठ नेली. माझंही पाऊल मागे जायला बघत होतं, पण मी डाव्या हाताने टेबलाची कड पकडून ठेवली. पडद्यावर यकृताची कड उमटली, स्वच्छ. इंजिनिअरने दाखवली होती तशीच. मला इतका आनंद झाला की मी अण्णांकडे बघायचंच विसरले. बघितलं तेव्हा ते पडद्याकडे नाही, माझ्या पायांकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी ते मला घेऊन सेक्रेटरींच्या खोलीत गेले आणि उभ्या उभ्या म्हणाले, "मुंबईला ही जाणार."

सेक्रेटरींना वाटलं अण्णा चेष्टा करतायत. मलाही तसंच वाटलं. मी म्हणाले, "अण्णा, हक्क तुमचा आहे. मी नाही जायची."

"हक्काचं मला सांगू नको. सगळ्यांना इतकी वर्षं म्हणलो, शिकलात की जागा रिकामी करा. मला म्हणणारा कोण हाय हितं? कुणीच न्हाई. म्हणून मीच म्हणलो."

"अहो पण अण्णा," सेक्रेटरी म्हणाले, "तिकडं शिकवतील की तुम्हाला. सवय जाईल. आणि ही पोर उद्या लग्न करून गेली, तर आमचा खर्च वाया."

"सवय जाईल, पण ती जाईस्तवर मी रिटायर हुईन. माझ्या पायाला पळायचं शिकवलोय साहेब, चांगलं शिकवलोय, म्हणून अजून धडधाकट हाय. आता त्याला थांब म्हणायचं, तो ऐकत न्हाई. हिचा ऐकतोय. आनि लग्न केली तर काय? नवरा सोलापूरचा बघू की! मी बघतो."

मग ते माझ्याकडे वळले. आवाज एकदम खाली आणला, त्यांना तसंही बोलता येतं हे मला तेव्हा कळलं. "पहिल्या दिवशी काय बोललीस, आठवतंय? तुमी दिसत नव्हता, भीती वाटली. त्यावर तवा मी काय म्हणलो? इलाज न्हाई, यंत्रच तसं हाय. आता इलाज आलाय. पेशंटला सोडून जायचं न्हाई, असलं यंत्र आलंय. ते तुझं हाय. पो, अम्मा."

'पो' म्हणजे तेलुगूत 'जा'. मी तिथेच, सेक्रेटरींच्या समोर, रडले. मला त्या माणसाबद्दल जे वाटलं ते माझ्या वडिलांखेरीज दुसऱ्या कुणाबद्दल वाटलं नाही. अण्णांनी मात्र माझ्या रडण्याकडे दुर्लक्ष केलं आणि त्या दोन नव्या कोटांपैकी एक दुसऱ्या दिवशी आणून दिला. सुशीलाअक्कांनी तो माझ्या मापाचा आखूड केला होता आणि खिशावरचं लाल नाव उसवून माझं घातलं होतं. जुन्या अक्षरांची भोकं शेवटपर्यंत दिसत राहिली.

मी मुंबईला गेले, शिकले, परत आले. पहिल्या दिवशी माझ्या खोलीच्या दारावर टकटक झाली. "मॅडम, आत येऊ का?" दारात अण्णा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "अण्णा, काय हे!" तर म्हणाले, "कोटाचा मान हाय. माझाच कोट हाय ना तो!" आणि चपला काढून सरळ टेबलावर आडवे झाले. "घे. आता तुझी मुलाखत."

मी तेल लावलं, मूठ फिरवली, त्यांचं यकृत, मूत्रपिंडं, सगळं पडद्यावर दाखवलं. सगळं ठणठणीत होतं. पण अण्णा पडद्याकडे बघतच नव्हते. माझ्याकडे बघून म्हणाले, "व्हय गं, तू दिसतेस की!"

त्यानंतर ते मला चारचौघांत मॅडमच म्हणायचे आणि एकट्यात सुमनम्मा. माझं लग्न सोलापुरातच झालं, तो शब्दही त्यांनी पाळला. एक्स-रे विभाग त्यांनी निवृत्तीपर्यंत पूर्वीसारखाच गर्जत चालवला आणि माझ्याकडे शिकायला मुली पाठवत राहिले. "एक तयार झाली की सांगा मॅडम, लातूरला मशीन येतंय म्हणं." माझ्या हातची चांगली पोरगी पहिल्यांदा निघून गेली तेव्हा सेक्रेटरींचा वैताग काय असतो ते मला कळलं. आणि ती तिथे विभागप्रमुख झाल्याचं ऐकलं तेव्हा अण्णांची मिजास कुठून येते, तेही कळलं.

निवृत्तीनंतर थोड्याच काळाने ते एका दुपारी आले. कोट नव्हता, सदरा ढिला झाला होता. सुशीलाअक्का दाराबाहेर बाकावर बसल्या. "भूक मेलीय," अण्णा म्हणाले, "बघ जरा," आणि कुणी सांगण्याआधी टेबलावर आडवे झाले. मी तेल हातात घेऊन कोमट केलं, ही त्यांचीच शिकवण. मूठ ठेवली आणि सवयीने म्हटलं, "श्वास घ्या, अण्णा. रोखा."

मूठ बरगडीखालून पुढे गेली आणि पडद्यावर यकृत आलं. मी काही वर्षांपूर्वी पाहिलेलं ते स्वच्छ यकृत आता कुठेच नव्हतं, जागोजागी गाठी होत्या. चित्र वाचायचं काम डॉक्टरांचं, पण एवढं वाचायला मला डॉक्टर नको होते. त्या खोलीतून, त्या टेबलापासून, त्या माणसापासून मला पळून जावंसं वाटलं.

"सुमनम्मा," डोळे मिटलेले अण्णा दातांतून, श्वास न सोडता म्हणाले, "पाऊल मागं चाललंय तुझं."

मी खाली पाहिलं. चाललं होतं. पाठीमागच्या कोपऱ्यात तो शिशाचा पडदा अजून उभाच होता. मी पाऊल पुढे आणलं, टेबलाला टेकवलं, मूठ धरलेला हात तसाच ठेवला आणि दुसरा त्यांच्या खांद्यावर ठेवला. त्यांनी डोळे उघडले. मी नजर हलवली नाही. त्यांना काय कळायचं ते माझ्या चेहऱ्यावरून कळलं, आणि ते कळावं म्हणूनच मी तिथे उभी राहिले. अण्णांनी मान हलवली, माझ्या हातची फिल्म पहिल्यांदा स्वच्छ आली होती तेव्हा हलवली होती तशी. पण छाती अजून फुगलेलीच होती. जन्मभर दुसऱ्यांना रोखायला सांगितलेला श्वास ते माझ्या हुकमावर धरून होते.

"सोडा आता श्वास, अण्णा," मी म्हटलं. "मी इथंच आहे."